नमुने गोळा करण्यास निघण्यापूर्वी

कोल्हापुराहून राधानगरी-दाजीपूरच्या अरण्यात वनस्पतींचे नमुने गोळा करण्यास निघावयाचे, तर प्रथम तजवीज करावी ती परवान्याची; कारण अभयारण्यातून पान-फूलही नेणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अनुमतीवाचून निषिद्ध आहे, आणि सरकारी दप्तरांची गती पाहता अर्ज उन्हाळ्यातच गुदरलेला बरा. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेंद व सीतेची आसवे फुलतात ती भाद्रपदाच्या सुमारास, तेव्हा मोहिमेची तिथी ऋतूच्याच हाती असते.

नमुना शक्यतो फुला-फळांसह, सुमारे 42 बाय 28 सेंटिमीटरच्या कागदावर मावेल इतकाच घ्यावा. तो वर्तमानपत्रांत दाबून, पावसाळी दमटपणाने बुरशी धरू नये म्हणून ते कागद आरंभी प्रत्यही बदलावे, आणि वाळल्यावर नाहीसे होणारे रंग-गंध, तसेच झाडाची उंची व भोवतालची भूमी यांचा तपशील जागच्या जागीच टिपावा, कारण तपशिलाविना नमुना म्हणजे (वाहून आणणाऱ्यास हे कटू वाटेल) निव्वळ पाचोळा होय.

कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वेलीचा कंद मात्र संशोधनाच्या सबबीवरही उपटू नये. त्या वेलींच्या अनेक जातींची जोपासना शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती-उद्यानात केलेली आहे.