शेततळ्यातले मासे आणि त्याच पाण्यावरची भाजी : आधी हिशेब, मग खर्च

माशांच्या पाण्यावर भाजीपाला पिकवण्याच्या पद्धतीला ‘ॲक्वापोनिक्स’ असे नाव आहे. टाकीत मासे, शेजारी खडीचा वाफा, मधे छोटा पंप आणि तेच पाणी फिरून फिरून वापरायचे. मोबाइलवर याच्या चित्रफिती पाहून बरेच शेतकरी विचारतात, “साहेब, शेततळं तर आहेच. मासे सोडले म्हणजे भाजीला खत घालायला नको ना?” याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पाण्याचा दुहेरी उपयोग होतो हे खरे, माशांचे पैसे होतात हेही खरे. खताची गोष्ट मात्र हिशेबाने समजून घ्यावी लागते, कारण नेमके तेच सांगून पाइप, ट्रे आणि शेडचा महागडा संच शेतकऱ्याच्या गळ्यात मारला जातो.

मासा जे खातो त्यातले थोडेच त्याच्या अंगी लागते. उरलेले नत्र कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने आणि विष्ठेतून पाण्यात येते. अमोनिया माशाला विषारी. पण खडीवर, मातीवर, टाकीच्या भिंतींवर राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही माशाला घातक. नायट्रेट मात्र पिकाचे खाणे. म्हणजे मासा आणि भाजी यांच्या मधे राबणारा गडी हा जिवाणू. त्याला हवा, ऊब आणि वेळ लागतो. नव्या टाकीत त्याची वस्ती जमायला ४ ते ६ आठवडे जातात. पहिल्याच आठवड्यात भरपूर मासे सोडून भरपूर खाद्य टाकले की मासे मरतात ते याच कारणाने.

आता शेततळ्याचा हिशेब मांडू. ३० बाय ३० बाय ३ मीटरचे तळे घेतले आणि बाजूंचा उतार एकास एक धरला, तर काठोकाठ भरल्यावर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली या प्रमाणाने त्यात साडेचारशे ते नऊशे बोटुकली बसतात. समजा, हंगामात निम्मी शेंगदाणा पेंड व निम्मा भाताचा कोंडा असे ५०० किलो खाद्य घातले आणि २५० किलो मासळी निघाली. पेंडीत सुमारे ७ टक्के आणि कोंड्यात सुमारे २ टक्के नत्र असते, म्हणजे एकूण साडेबावीस किलो नत्र तळ्यात गेले. त्यातले सातेक किलो माशांच्या अंगात बाहेर आले. राहिले पंधरा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते. म्हणजे सबंध हंगामात तळ्याने दिलेले खत पाऊण गोणी युरियाएवढे, आणि त्यातलाही बराच भाग गाळात बसतो, थोडा हवेत जातो. पाऊण गोणी युरियासाठी कोणी ५०० किलो खाद्य विकत घेणार नाही. मासे पाळायचे ते मासळीसाठी. भाजीला मिळते ती वरकड.

ही वरकड फुकट जाऊ नये एवढीच सोय बघायची. पाणी वरून न घेता खालून घ्यावे. तळाचे पाणी जड, कुबट आणि खतवट असते. ते निघाले तर माशांनाही बरेच वाटते. फूट व्हॉल्व्ह तळापासून फूटभर वर टांगावा आणि त्याला बारीक जाळी बांधावी, नाहीतर बोटुकली पंपात जाते. मासे असलेले पाणी हिरवे असते. ते थेट ठिबकला दिले तर महिन्याभरात तोट्या बुजतात. नुसती जाळीची गाळणी इथे पुरत नाही, वाळूची गाळणी हवीच, आणि तिचे उलट पाण्याने धुतलेले पाणी वाफ्यात सोडावे, तेही खतच. तळे आटल्यावर राहिलेला गाळ भाजीच्या वाफ्यात पसरावा. प्लास्टिक कागद असेल तर गाळ काढताना फावडे लावू नये.

तळ्यात शेण टाकून मासे वाढवण्याची पद्धत आहे. तसे करीत असाल तर ते पाणी कोथिंबीर, पुदिना, पालक यांच्या पानांवर तुषारने उडवू नका. वांगी, भेंडी, दोडका यांच्या बुडाशी ठिबकने द्यायला हरकत नाही.

खरी ओढाताण सुरू होते ती मार्चपासून. माशांना किमान ५ फूट पाणी लागते. वरच्या मापाच्या तळ्यात ५ फूट पाणी म्हणजे जवळजवळ पावणेदहा लाख लिटर. म्हणजे २२ लाखांपैकी पावणेदहा लाख लिटरला हातच लावायचा नाही! वर ऊन आहेच. दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी त्या पातळीवर रोज सुमारे ५ हजार ८०० लिटर, महिन्याला पावणेदोन लाख लिटर पाणी उडून जाते. अशा वेळी डाळिंब किंवा मिरची वाळायला लागली की शेतकरी पाणी उपसणारच, त्याला दोष कसा द्यायचा? पण मग अर्धवट वाढलेले मासे गरम, उथळ पाण्यात गुदमरतात आणि दोन्हीकडून नुकसान होते. म्हणून ज्यांच्या तळ्याला उन्हाळ्यात दुसरा आधार नाही, त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये बोटुकली सोडावी आणि मार्चअखेर मासळी काढून मोकळे व्हावे. मासा अर्धा-पाऊण किलोचाच मिळेल, मिळू द्या. किलोभराच्या माशाच्या आशेने मे महिना गाठणे हा कोरडवाहू भागात जुगार आहे. मासळी निघाली की उरलेले सगळे पाणी पिकाचे.

सोडताना कटला, रोहू आणि मृगळ मिसळून सोडावेत. कटला वरचे खातो, रोहू मधले, मृगळ तळाचे. प्लास्टिकच्या तळ्यात तळाला माती नसेल तर मृगळला फारसे काही मिळत नाही, त्याचे प्रमाण कमी ठेवावे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर पाण्यातला प्राणवायू कमी झाला असे समजावे. त्या दिवशी खाद्य बंद ठेवून पंपाने पाणी उडवून परत तळ्यातच पाडावे. ढगाळ हवेतही खाद्य आखडते घ्यावे.

फवारणीबाबत मात्र सवलत नाही. सायपरमेथ्रिन, लॅम्डासारखी औषधे माशांना अतिशय विषारी आहेत. तळ्याकडे वारा असताना फवारायचे नाही आणि पंप तळ्यात धुवायचा नाही. शेवाळ मारण्यासाठी तळ्यात मोरचूद टाकण्याची सवय अनेकांना आहे. मासे असतील तर ती सोडलीच पाहिजे. निंबोळी अर्क आपण निर्धोक समजतो, पण जास्त प्रमाणात पाण्यात गेल्यास तोही माशांना बाधतो.

आता ज्यांना चित्रफितीतलीच पद्धत करून बघायची आहे, त्यांनी ती तळ्यावर नव्हे, घराशेजारी करावी. शेतीपंपाला चोवीस तास वीज नसते आणि दाटीने मासे ठेवलेल्या टाकीत दोन-चार तास हवा बंद पडली तरी खेळ संपतो. घरगुती लाइन आणि बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप हवाच. एक हजार लिटरची टाकी, त्यात दहा किलो मासे. रोज त्यांच्या वजनाच्या दीड-दोन टक्के, म्हणजे १५० ते २०० ग्रॅम खाद्य. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान ॲक्वापोनिक्सवर मार्गदर्शिका काढली, तिच्यात पालेभाजीच्या प्रत्येक चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य असे प्रमाण दिले आहे. त्या हिशेबाने तीन-चार चौरस मीटर वाफा, म्हणजे दोन बाजा मावतील एवढी जागा, एका टाकीवर पिकते. घरची पालेभाजी भागते, बाजार भागत नाही.

वाफ्यात फूटभर जाडीची काळ्या दगडाची खडी टाकावी. चुनखडीचा दगड नको. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसला तर तो बाजूला काढावा, कारण त्याने पाण्याचा सामू वाढतो आणि लोह पिकाला मिळत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर दोन दिवस उघडे ठेवून मगच मासे सोडावेत. पालक, चुका, पुदिना, अळू आधी लावावेत. टोमॅटो-मिरचीला पालाश जास्त लागते आणि माशांच्या खाद्यात ते कमी असते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता, चिलेटेड लोह द्यावे. या वाफ्यावर रासायनिक फवारणी अजिबात करायची नाही.

बोटुकलीसाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे चौकशी करावी. थाई मागूर पाळण्यास आपल्या देशात बंदी आहे, कोणी कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नये. तिलापिया पाळायचा तर आधी परवानगी काढावी.

ग्रामपंचायतींनाही एक काम आहे. मासे आले की तळ्यावर पोरांची ये-जा वाढते, आणि प्लास्टिकचा उतार ओला असला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. गावातल्या प्रत्येक शेततळ्याला कुंपण आहे का, चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडला आहे का आणि हवा भरलेली ट्यूब तळ्यात तरंगती ठेवली आहे का, याची पाहणी बोटुकली सोडण्याआधीच करून घ्यावी.