ओरगडमचे एंजिन आणि खारदुंग ला येथील हवा

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, कांचीपुरम जिल्ह्यात, ओरगडम हे गाव आहे. रॉयल एनफील्ड कंपनीचा मोटारसायकलींचा कारखाना तेथे २०१३ साली सुरू झाला. समुद्रापासून फारसा दूर नसलेला हा सखल प्रदेश. येथे वायुभारमापकातील पारा बहुधा ७५० ते ७६० मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. येथे बनलेली गाडी पुढे लडाखमधील खारदुंग ला या ५,३५९ मीटर उंचीच्या खिंडीत पोहोचते, तेव्हा उन्हाळ्यातही तोच पारा सुमारे ४०० मिलिमीटरांपर्यंत उतरलेला असतो. (खिंडीतील फलकावर १८,३८० फूट, म्हणजे सुमारे ५,६०० मीटर, हा आकडा अनेक वर्षे मिरवत होता, तो खरा नव्हे.) एंजिन तेच, पेट्रोल तेच, बदलली ती केवळ हवा.

हवेला वजन आहे, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ओरगडमच्या भूमीवर एक चौरस सेंटीमीटर जागा आखली, तर तिच्यावर आकाशापर्यंत उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभाचे वजन सुमारे एक किलोग्रॅम भरते. उंच चढावे तसतसा या स्तंभाचा खालचा भाग आपल्या पायांखाली राहतो आणि डोक्यावरील भार घटतो. फ्रान्समध्ये १६४८ साली पास्कालच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए हा पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम या डोंगरावर चढला, तेव्हा हेच सिद्ध झाले. आपल्या कळसूबाईवर, १,६४६ मीटरांवर, असा प्रयोग केल्यास पारा १३० मिलिमीटरांहून अधिक उतरलेला दिसेल.

परंतु ही घट सर्वत्र सारखी नसते. गाद्यांची चळत रचली असता सर्वांत खालची गादी वरच्यांच्या भाराने चेपून जाते. हवेचेही तसेच आहे. ओरगडमजवळ सुमारे नऊ मीटर चढताच दाब एक मिलिबारने कमी होतो. खारदुंग ला येथे तेवढ्याच घटीसाठी पंधरा मीटर चढावे लागते.

आता एंजिनाकडे वळू. २०१६ साली बाजारात आलेल्या ‘हिमालयन’ या मोटारसायकलीच्या सिलिंडरची धारणाशक्ती ४११ घन सेंटीमीटर होती. दट्ट्या खाली सरकताना सिलिंडर बाहेरच्या हवेने पूर्ण भरतो असे मानले, तर ओरगडमच्या उष्ण हवेत त्यात अर्ध्या ग्रॅमला थोडी कमी हवा मावेल. खिंडीत मात्र जेमतेम पाव ग्रॅमहून किंचित अधिक. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जाळण्यास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. हवा कमी, म्हणून जाळता येणारे पेट्रोल कमी, आणि म्हणून शक्तीही कमी.

प्रारंभीच्या त्या गाडीला कार्ब्युरेटर होता, आणि अडचण तेथे अधिक वाढे. साध्या कार्ब्युरेटरला हवेचे वजन कळत नाही. तो केवळ तिच्या झोताने पेट्रोल ओढून घेतो. हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या मानाने घटत नाही, आणि हिशेब केल्यास खिंडीत मिश्रण सुमारे एक तृतीयांशाने अधिक पेट्रोलयुक्त होते. प्लगवर काजळी धरते, धूर काळा येतो आणि नेमक्या चढावर गाडी धापा टाकू लागते. २०१७ साली कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. ती हवेचा दाब व उष्णता मोजून पेट्रोल बेताने देते. मिश्रणाचा दोष त्यामुळे दूर झाला. तथापि नसलेली हवा तीही आणू शकत नाही. ते काम टर्बोचार्जरचे. ओरगडमलाच २०१२ पासून बनणाऱ्या भारतबेंझ मालमोटारींत वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा हवा दाबून एंजिनात भरतो.

चाकांची गोष्ट याहून मौजेची आहे. दाबमापक आतील व बाहेरील दाबांतील फरक दाखवतो. ओरगडमला त्यावर दोन वातावरणे इतका दाब भरला, तर खिंडीत बाहेरचा भार घटल्याने तो अडीचच्या जवळ जावयास हवा. पण तेथील थंडीने आतली हवा आकसते, आणि काटा सव्वादोनच्या आसपासच राहतो.

या सर्वांत स्वाराचा विचार सर्वांत आधी व्हावयास हवा. उंचीवर प्राणवायूचे शेकडा प्रमाण कमी होते, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. प्रमाण शेकडा २१ च्या आसपासच राहते. दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासातील प्राणवायू मात्र तेथे जवळजवळ निम्मा होतो. एंजिनाची यंत्रणा क्षणार्धात जुळवून घेते. देहाला दिवस लागतात. प्रथम श्वास व नाडी जलद होतात. तांबड्या रक्तपेशी पुरेशा वाढण्यास कित्येक आठवडे जातात. चेन्नईहून विमानाने थेट लेहला, सुमारे ३,५०० मीटरांवर, उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, असे वैद्य सांगतात ते याच कारणाने. डोके दुखणे व मळमळ ही आरंभीची लक्षणे होत. ती असताना अधिक वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता रोग्यास खाली आणावे. तीनशे ते हजार मीटर उतरल्यावर बहुधा आराम पडू लागतो.