पूर्वग्रहाला खलनायक लागत नाही

व्यावसायिक हिंदी चित्रपटांनी समलिंगी संबंधांचा उपयोग बराच काळ हशा पिकवण्यासाठी केला. ‘कल हो ना हो’मधली (२००३) कांताबेन दोन मित्रांना जवळ पाहून हबकते आणि प्रेक्षागृह खिदळते. स्वतंत्र चित्रपटांनी कॅमेरा वळवला तो या हसणाऱ्या, कुजबुजणाऱ्या समाजाकडे.

हंसल मेहता यांचा ‘अलीगढ’ सत्यघटनेवर आधारित आहे. रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, कवीही होते. फेब्रुवारी २०१० मध्ये, त्यांचे एका पुरुषासोबतचे खासगी क्षण टिपायला, दोघे जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. घुसणारे राहिले बाजूला, निलंबन झाले ते सिरस यांचे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच प्रौढांचे संमतीने असलेले संबंध गुन्हा नसल्याचे म्हटले होते, तरीही. चित्रपटात पूर्वग्रह आरडाओरडा करत नाही. तो शिस्तीची, प्रतिष्ठेची, कार्यालयीन पत्राची भाषा बोलतो. खटल्यात आपल्याच आयुष्याचा कीस पाडला जात असताना मनोज बाजपेयींचा सिरस कवितांचा अनुवाद करत बसतो. अख्ख्या चित्रपटातला हा सर्वांत बोचरा तपशील. निलंबनाला न्यायालयाची स्थगिती मिळाल्यावर आठवड्याभरातच खरे सिरस घरात मृतावस्थेत आढळले.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’मध्ये (२०२५) विद्यापीठ नाही, कोर्ट नाही; आहेत फक्त नातेवाईक. वडील गेल्यावर मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो. सुतकाच्या नियमांइतकाच एक प्रश्न त्याचा पिच्छा पुरवतो: लग्न कधी करणार? विचारणाऱ्यांच्या मनात वैर नसते, उलट काळजीच असते, आणि म्हणूनच त्यांना गप्प करता येत नाही. आई सारे जाणून आहे, पण भावकीसमोर तिलाही सबबी पुढे कराव्या लागतात. बालमित्र बाळ्याची यातून सुटका नाही. लग्नाचा तगादा त्याच्याही मागे आहेच. पार्श्वसंगीत नसल्याने घरातली प्रत्येक शांतता कानावर येते. सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक या मराठी चित्रपटाला मिळाले.

ओनीर यांच्या ‘माय ब्रदर... निखिल’मध्ये (२००५), गोव्याच्या पार्श्वभूमीवर, एचआयव्हीची भीती आणि समलिंगी माणसाबद्दलची घृणा एकमेकींत मिसळतात.

या साऱ्या कथा पुरुषांच्या आहेत. दोन स्त्रियांचे प्रेम दाखवणाऱ्या दीपा मेहता यांच्या ‘फायर’वर डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईतल्या चित्रपटगृहांत हल्ले झाले आणि चित्रपट पुन्हा सेन्सॉर मंडळाकडे गेला. मंडळाने तो दुसऱ्यांदाही संमत केला.