चाकाचा एक स्टड तुटला तर



लागण, खोडवा, खतांचे हप्ते यांवर आम्ही या पानांतून नेहमी लिहितो. या खेपेस विषय चाकाचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने मोटारीच्या नटबोल्टात कशाला नाक खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण आता बऱ्याच सभासदांच्या दारात छोटी मोटार किंवा जीप उभी असते, आणि गटात फिरताना चारांपैकी तीनच नटांवर चाललेले एखादे चाक हमखास नजरेस पडते. विचारावे तर उत्तर ठरलेले : "साहेब, तीन आहेत की घट्ट!" त्याच गाडीतून घरची माणसे लग्नाला जातात, पोरे शाळेला जातात.

चाक धरले जाते कशाने, ते आधी पाहू. बैलगाडीचे चाक आखाच्या टोकाच्या खिळीने अडते. मोटारीचे तसे नाही. स्टड म्हणजे हबमध्ये मागच्या बाजूने दाबून बसवलेला, पुढे आटे असलेला पोलादी दांडा. गाडीचे ओझे या दांड्यांवर टांगलेले असते असा समज आहे, तो बरोबर नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि रिम हबवर दाबली जाते. ओझे पेलते ते या दोन पृष्ठभागांमधले घर्षण. उसाची मोळी वाढ्याने कचकून आवळली की आतले कांडे सरकत नाही; सैल बांधली तर डोक्यावर घेताच मधले ऊस निसटू लागतात. चाकाचेही तेच आहे. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवरचा नट १० किलोग्रॅम-मीटर जोराने आवळला, तर तो एकटा स्टड रिमला सुमारे ४ टनांनी दाबून धरतो. चार मिळून १६ टन. एक गेला की दाब एका बाजूने ढिला पडतो, रिम तिथे सूक्ष्म हलू लागते आणि शेजारचे दोन स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकू लागतात. बांधायची तार हातात धरून इकडून तिकडे वाकवत राहिले की ती तुटते, हे सर्वांना ठाऊक आहे. लहान मोटारीचे चाक एका किलोमीटरला पाचशेहून अधिक फेरे घेते. तेव्हा तीन घट्ट आहेत, हे समाधान किती दिवसांचे, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तुटलेला तुकडा टाकून देऊ नये, त्याचे तोंड नीट पाहावे. तोंडाचा काही भाग गुळगुळीत, त्यावर एकाआड एक बारीक वलये, आणि उरलेला भाग खडबडीत, असे दिसले तर तो स्टड एका झटक्यात तुटलेला नाही. त्याला तडा कधीच गेला होता. गुळगुळीत भागावर तांबेरा चढला असेल तर तडा आणखी जुना. अशा वेळी शेजारच्यांनीही तोच मार खाल्लेला असतो. म्हणून आमचे सांगणे असे की, सैल चालल्यामुळे स्टड तुटला असेल तर त्या चाकाचे सगळेच स्टड आणि नट बदलावेत. टायरच्या किमतीपुढे ही किंमत काहीच नाही. मात्र तिरका नट चढवल्यामुळे एकाचेच आटे गेले असतील आणि बाकीचे घट्ट होते, तर तो एक बदलून भागते. रिमची भोके लांबट झाली असतील तर ती रिम भंगारातच घालावी.

स्टड सैलपणाने बिघडतो तसाच अती आवळण्यानेही बिघडतो, असे म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल. गाडीबरोबरचा पाना साधारण ३० सेंटिमीटरचा असतो. त्यावर ७० किलोचा गडी उभा राहिला की नटावर २१ किलोग्रॅम-मीटर जोर पडतो. लहान मोटारींना लागतो साधारण ८ ते १२. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तो तेथूनच घ्यावा. पान्याला पाइप घालून दोघे लटकले तर काय होत असेल! पंक्चरच्या दुकानात हवेच्या यंत्राने नट ठोकून बसवतात तेव्हाही हीच गत होते. स्टड ताणून लांबतो, आट्यांची ठेवण बिघडते, आणि पुढच्या वेळी नट सुटताना आटे घेऊनच बाहेर येतो.

आता बदलायचे कसे. फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या गाड्यांना स्टड नसतातच, बाहेरून बोल्ट आत जातो. तिथे आटे हबमध्ये असतात आणि काम वेगळे. आपली गाडी स्टडची असल्याची खात्री करून जुना नमुना खिशात घालूनच दुकानात जावे. नुसती जाडी आणि आटे जुळून चालत नाही. डोक्याखाली जो दातेरी भाग असतो त्याचा व्यास आणि एकूण लांबीही जुळली पाहिजे. दातेरी भाग बारीक असला तर स्टड जागेवर फिरतो, जाड असला तर हबला चीर जाते. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट कापून बसवण्याची कल्पना अनेकांना सुचते. ती सोडून द्यावी. चाकाच्या स्टडवर सामान्यतः १०.९ अशी खूण असते, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे १०० किलो ताण सोसणारे पोलाद. साध्या ४.६ च्या बोल्टाचे पोलाद ४० सोसते.

गाडी सपाट, टणक जागेवर घ्यावी. विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. नट थोडे सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. मग जॅक लावून गाडी उचलावी आणि खाली लोखंडी घोडी किंवा जाड लाकडी ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. मागचा ड्रम काढायचा तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून दगडांचे महत्त्व. पुढे डिस्क असेल तर कॅलिपर सोडून तारेने वर टांगावा, ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये.

हब हाताने फिरवून पाहावा. मागच्या बाजूला एखाद्या ठिकाणी स्टड निघण्यापुरती फट सापडते. नाहीच सापडली तर हब खोलावा लागेल, आणि ते काम मिस्त्रीकडे सोपवलेले बरे. फट असेल तर शक्यतो आवळायच्या चापाने दाबून स्टड मागे काढावा. हातोडीने निघतो, पण प्रत्येक घाव आतल्या बेअरिंगला बसतो. एबीएसच्या गाडीत जवळच सेन्सरची तार असते, तीही जपावी.

नवा स्टड मागून घालून भोकातल्या जुन्या खाचांशी त्याचे दाते जुळवावेत. पुढून चार-पाच जाड वॉशर घालून त्यांवर एक जुना नट, सपाट बाजू आत करून, चढवावा व पान्याने हळूहळू ओढत न्यावे. वॉशरांच्या मध्ये बोटभर ग्रीस चालेल, आट्यांना नको. डोके हबच्या पाठीला सगळीकडून टेकले की झाले. हे बॅटरी लावून मागून डोळ्यांनी पाहावे. ओढायला वापरलेला नट फेकून द्यावा, तो पुन्हा चाकाला लावू नये. काही जण स्टड अर्धा बसवून रिम चढवतात आणि "आवळला की आपोआप बसेल" म्हणतात. बसतो खरा, पण रस्त्यावर चालताना. तो जेवढा आत सरकतो तेवढा नट ढिला होतो. नवा स्टडही भोकात फिरू लागला तर हबच गेला असे समजावे. वेल्डिंगचा ठिपका देऊन तो धरून ठेवणे म्हणजे उष्णतेने त्याचे पोलाद बिघडवणे होय.

रिम आणि हब जिथे एकमेकांना टेकतात तिथला गंज, चिखल तारेच्या ब्रशने साफ करावा. नट हातानेच चार-पाच आटे फिरवावेत, हाताने फिरत नसेल तर तिथेच थांबावे. निमुळती बाजू रिमकडे. मग समोरासमोरचे नट घेत दोन-तीन फेऱ्यांत आवळावे आणि चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यावा. आट्यांना तेल लावू नये. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांवर वापरला तर स्टडवर ताण बराच जास्त पडतो. गाडी ५० ते १०० किलोमीटर चालली की नट पुन्हा तपासावेत. रिमवर नटाभोवती तांबूस ओघळ दिसला, किंवा हळू चालताना चाकातून टकटक आली, तर त्याआधीच.

ट्रॉलीवाल्या सभासदांसाठी दोन शब्द. हंगामाआधी ट्रॉली रंगवताना रिम आणि हबच्या टेकणाऱ्या बाजूंनाही जाड हात मारलेला असतो. उसाच्या ओझ्याखाली तो रंग दबतो, झिजतो आणि घट्ट आवळलेले नट सैल पडतात. तेवढी जागा रंगवू नये, रंगवली असल्यास खरवडून काढावी. पहिली भरलेली खेप काट्यावर उतरली की नटांना पाना लावून पाहावा, आणि नंतर रोज सकाळी ट्रॅक्टर जोडण्यापूर्वी.

जुन्या जीपगाडीवर काम करणाऱ्यांनी एवढे पाहावे की, तिच्या डाव्या बाजूच्या चाकांना पुष्कळदा उलटे आटे असतात. नट निघत नाही म्हणून पाइप घालण्याआधी तो दुसऱ्या बाजूला फिरवून बघावा.