स्टॅम्पपेपरवरची फारकत
वकिली करताना एक कागद मी वारंवार पाहते. स्टॅम्पपेपर, नवरा-बायकोच्या सह्या, नोटरीचा शिक्का आणि ‘आम्ही राजीखुशीने विभक्त झालो’ असा मजकूर. दोघांची समजूत अशी, की घटस्फोट झाला!

तो झालेला नसतो. एखाद्या समाजात फारकतीची रूढी पूर्वापार असेल, तर १९५५चा हिंदू विवाह कायदा ती मानतो. पण ती सिद्ध करावी लागते. एरवी अशा कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न अवैध ठरते, सात वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. आणि त्या दुसऱ्या बायकोचे काय?

दोघांचे एकमत असेल, तर खरी वाट कलम १३-बची. किमान एक वर्ष वेगळे राहून दोघांनी मिळून न्यायालयात अर्ज करायचा. मग सहा महिने थांबायचे. समेटाची आशाच नसेल आणि मुलांचा, पोटगीचा प्रश्न सुटला असेल, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितले.

म्हणून अर्जाआधीच सारे लिहून काढा. मूल कोणाकडे, भेटीचे वार, शाळेची फी, पोटगी. स्त्रीधन तर तिचेच असते. ते परत करणे म्हणजे पोटगी देणे नव्हे. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

संसार मोडतानाही घाई नको. मुलांना आई-बाप दोघेही पुढे लागणारच असतात.