बिळात आधी कोणाचा हात?

मृगाचा पाऊस नीट लागला की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतले कोरडे ओहोळ एका रात्रीत वाहू लागतात. गढूळ, गार पाणी खाली नदीला मिळते आणि डोहांत उन्हाळा काढलेले मासे त्या धारेच्या उलट दिशेने वर चढतात. हीच वलगण. पाण्याची पातळी एकदम वाढणे आणि तापमान उतरणे ही माशांसाठी विणीची खूण असते. वर भाताच्या खाचरांत पाणी उथळ असते, पिल्लांना लागणारे सूक्ष्म खाद्य मुबलक असते आणि मोठे शिकारी मासे सहसा पोचत नाहीत. म्हणून ही सगळी चढण. खाचराचे पाणी जिथून ओहोळात पडते तिथे वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबे जाळी आणि बांबूच्या कामट्यांचे सापळे लावून बसतात. यातली कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि पावसाच्या तोंडावर गावी परततात. वर्षभराची पांगापांग संपून आईबाप आणि मुले आपल्याच शिवारात एकत्र येतात, तो हाच हंगाम.

आईबाप आणि मूल यांनी मिळून केलेली शिकार हा मानवशास्त्रात आणि मानसशास्त्रात गेली चार दशके गांभीर्याने अभ्यासला गेलेला विषय आहे. शिकार म्हटले की डोळ्यांसमोर धनुष्यबाण आणि रानडुक्कर येते. मूल शिकते ते मात्र आधी लहान जिवांवर, आणि सह्याद्रीच्या या भागात तो जीव बहुधा खेकडा असतो.

खेकड्याचे बीळ वाचावे लागते. तोंडाशी चिखलाच्या ताज्या, ओल्या गोळ्या असतील तर धनी घरात आहे. तोंडावर कोळ्याचे जाळे असेल तर बीळ रिकामे. कडा गुळगुळीत असतील आणि माती उकरलेली दिसत नसेल तर थांबलेले बरे, कारण सोडून दिलेल्या बिळात कधी दिवड मुक्कामाला असते. ती विषारी नाही, पण कडकडून चावते. मोठ्या माणसाचा हात आधी आत जातो. तळवा बिळाच्या छताला धरून सरकवायचा, खेकड्याची पाठ बोटांना लागली की त्याला खाली मातीशी दाबायचे आणि नांग्या अंगाशी मिटलेल्या असतानाच मागच्या बाजूने बाहेर ओढायचे. बाहेर आलेला खेकडा उलटा केला की पोटाखालची झापण दिसते. ती अरुंद असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पिल्ले समुद्री खेकड्यांसारखी अळीच्या रूपात पाण्यात तरंगत नाहीत. अंड्यातून ती खेकडा होऊनच बाहेर पडतात आणि काही काळ आईच्या झापणीखाली राहतात. झापण उघडून दाखवली की मुलाला जीवशास्त्राचा एक अख्खा धडा तिथेच मिळतो.

अगदी लहान मुलाच्या हाती खेकडा द्यायचा तर त्याच्या नांग्या आधी मोडतात. या साध्या कृतीला विज्ञानात एक विलक्षण जोड आहे. आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटात मीरकॅट नावाचे मुंगसाच्या कुळातले प्राणी राहतात. ते विंचू खातात. ॲलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मॅकॉलिफ यांनी २००६ साली ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले की प्रौढ मीरकॅट सर्वांत लहान पिल्लांना मेलेला विंचू देतात, थोड्या मोठ्यांना नांगी तोडलेला जिवंत विंचू आणि त्याहून मोठ्यांना नांगीसकट जिवंत विंचू. पुढचा प्रयोग तर फारच सुंदर आहे. संशोधकांनी लहान पिल्ले असलेल्या कळपाला मोठ्या पिल्लांच्या ओरडण्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले, तेव्हा प्रौढ प्राणी जिवंत विंचू आणू लागले. म्हणजे त्यांचे शिकवणे पिल्लांच्या आवाजावर चालते. समोरच्या पिल्लाला काय जमते याचा अंदाज त्यात नसतो.

माणसाचे वेगळेपण इथे दिसते. ओहोळाच्या काठावरचा बाप मुलाच्या डोळ्यांकडे पाहतो. मूल बिळाकडे पाहते, बाप कुठे पाहतो तेही पाहते, आणि आपण दोघे एकच गोष्ट पाहत आहोत हे दोघांनाही ठाऊक असते. मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो यांनी या सामायिक लक्षाला मानवी शिक्षणाच्या मुळाशी ठेवले. बाळात ते नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास उमलते आणि भाषाही त्याच वाटेने येते. भातकापणीनंतर कातकरी कुटुंब बांधावरचे उंदराचे बीळ खणते तेव्हा हे लक्ष फार ताणले जाते. शेतातला उंदीर बिळात लोंब्या साठवतो आणि निसटायच्या वाटा भुसभुशीत मातीने बुजवून ठेवतो. मोठे माणूस खणत असताना त्या वाटांवर नजर ठेवायची तर जास्तीचे डोळे हवेत. ते काम मुलांकडे आले की त्यांच्या चुकण्याने खरोखरच शिकार निसटते. मुलाला खोटे काम देऊन रमवणे आणि खऱ्या कामात धरणे यांतला फरक मुलाला लगेच कळतो, आणि नाते घट्ट होते ते खऱ्या कामात.

या नात्याचे श्रेय लोकप्रिय लिखाणात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला घाईघाईने दिले जाते. ते पटण्यासारखे नाही. शिकारी आणि ऑक्सिटोसिन यांच्यावरचा नावाजलेला अभ्यास बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांचा आहे. ॲड्रियन येगी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शिकारीहून परतणाऱ्या पुरुषांची लाळ तपासली. ऑक्सिटोसिन वाढलेले आढळले, पण त्या वाढीचा संबंध घरापासून दूर राहिलेल्या वेळेशी आणि टेस्टोस्टेरॉनच्या वाढीशी होता. बरोबर मूल असणे हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता. ‘प्रेमाचे रसायन’ हे बिरुद एका लाळेच्या नमुन्याला फार जड होते.

बापलेकाचे चित्रही अर्धेच आहे. १९६६ साली शिकागोत ‘मॅन द हंटर’ या नावाने मोठी परिषद भरली आणि त्या नावातला पुरुष पुढे बराच काळ या विषयावर बसून राहिला. मध्य आफ्रिकेतल्या अका लोकांत राहून मानवशास्त्रज्ञ बॅरी ह्यूलेट यांनी वेगळेच पाहिले. तिथे जाळ्याच्या शिकारीला बायका-मुलांसह कुटुंबे जातात, आणि अका बाप दिवसरात्रीतला सुमारे ४७ टक्के वेळ तान्ह्या बाळाला घेऊन किंवा त्याच्या हाताच्या अंतरावर असतो. ह्यूलेट आणि जनुकशास्त्रज्ञ कव्हाली-स्फोर्झा यांनी १९८६ मध्ये अका लोकांना सुमारे ५० कौशल्यांबद्दल विचारले, तेव्हा ८० टक्के गोष्टी आईवडिलांकडून शिकल्याचे त्यांनी सांगितले. ही आठवणीतली उत्तरे आहेत. मुलांना प्रत्यक्ष पाहणाऱ्या नंतरच्या अभ्यासांत लहान-मोठ्या मुलांचा घोळकाही तितकाच शिकवताना दिसतो. मोखाड्याच्या ओहोळातही बायका हातजाळी घेऊन उतरतात, आणि ओट्यात मासे गोळा करणाऱ्या आजीच्या मागे नातवंडे असतात.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कैलाशचंद्र मल्होत्रा यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे अन्याय होईल. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्याबरोबर फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले यांच्या शिकारीचा अभ्यास करणारे हे मानवशास्त्रज्ञ मात्र विस्मरणात गेले. त्यांच्या १९८३ च्या लिखाणात एक सुरेख वाटणी समोर आली. फासेपारधी फास लावून हरणे आणि पक्षी धरीत, नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारीत, आणि वैदू सापळे लावून मुंगूस-उदमांजरांसारखे लहान मांसाहारी प्राणी पकडीत. एकाच मुलखात फिरूनही सावजे वेगळी. प्रत्येक समाजाचे ज्ञान घरातल्या घरात, पिढीकडून पिढीकडे गेल्याशिवाय अशी वाटणी टिकली नसती. संप्रेरकांच्या बातम्यांना मिळते त्याच्या शतांशही जागा या कामाला मिळाली नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने रानातल्या प्राण्यांची शिकार बंद झाली. ते योग्यच झाले, कारण सावजेच संपत आली होती. पोराबाळांसह करायची शिकार म्हणून ओहोळ आणि बांध तेवढे उरले. तिथेही जपून वागायला हवे. वलगणीचा मासा विणीला निघालेला असतो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते ती याच कारणाने. ओहोळाच्या सगळ्या रुंदीला सापळे लावले, किंवा पाण्यात विषारी पावडर टाकली, तर पुढच्या वर्षी दाखवायला मासाच उरणार नाही.

मुले शिकारीचे कसब किती लवकर शिकतात? टोरेस सामुद्रधुनीतल्या मेरियम बेटकऱ्यांची मुले प्रवाळखडकांवर शिंपले वेचतात. रेबेका ब्लीज बर्ड आणि डग्लस बर्ड यांना दिसले की मुलांना कमी मिळते ते अज्ञानामुळे नव्हे. त्यांचे पाय आखूड आणि चाल मंद असते, म्हणून ती त्या चालीला परवडणारेच शिंपले निवडतात. जगातल्या २८ समाजांतल्या मुलांची माहिती एकत्र करणाऱ्या २०२२ च्या अभ्यासात फळे, मासे आणि शिंपले गोळा करण्याचे कसब लवकर येते, कंद आणि प्राणी यांचे सावकाश येते, असे आढळले. शिकाऱ्यांची सुमारे ४० ठिकाणांची नोंद तपासणाऱ्या जेरेमी कोस्टर यांच्या गटाला शिकारीतले कसब तिशीच्या पूर्वार्धात शिखरावर पोचलेले दिसले.

जव्हार-मोखाड्यात लवकर आणि सावकाश या दोन वेगांचा अर्थ फार ठोस आहे. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे नेमक्या वलगणीत, आणि इथली बरीच मुले निवासी आश्रमशाळेत जातात. शाळा हवीच, याबद्दल दुमत नाही. मासे आणि खेकडे सुट्टीच्या दिवसांत, घोळक्यात, किशोरवयापर्यंत शिकून होतील. कडूकंदाचे तसे नाही. पावसाळ्यानंतर वेल वाळून गेल्यावर त्याची जागा ओळखायची, खोल खणायचे, कंदाच्या चकत्या करायच्या, त्या उकडायच्या आणि वाहत्या पाण्यात ठेवून त्यातले विष उतरवायचे. यातली एक पायरी चुकली तर घरातली माणसे आजारी पडतात. हे काम मोठ्यांच्या हाताखाली अनेक हंगाम करावे लागते, आणि ते हंगाम वसतिगृहाच्या वर्षांतच येतात. आश्रमशाळांनी दिवाळीच्या सुट्टीला जोडून आठवडाभर मुलांना आईवडिलांबरोबर रानात जायला दिले आणि त्याची नोंद परिसर अभ्यासाच्या वहीत घेतली, तर हे ज्ञान टिकायला जागा मिळेल.