विश्लेषण : लिनक्स लॅपटॉपची बॅटरी इतक्या लवकर का संपते? दोन ग्राफिक्समध्ये अदलाबदल कशी करावी?

मीरा रोड-भाईंदरहून सकाळची लोकल पकडून अंधेरी, वांद्रे किंवा चर्चगेट गाठणाऱ्या अनेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या आणि आयटीतील तरुणांच्या पाठीवर गेमिंग लॅपटॉप असतो. तो गेमसाठीच घेतलेला असतो असे नाही. व्हिडीओ एडिटिंग, थ्रीडी डिझाइन, मशीन लर्निंगचे प्रोजेक्ट यांसाठीही स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते. या लॅपटॉपवर उबुंटू किंवा मिंट टाकले, की एक तक्रार हमखास ऐकू येते : बॅटरी पूर्वीच्या निम्माच वेळ टिकते आणि पंखा थांबत नाही. ‘बॅटरी गेली’ असे समजून ती बदलण्याचा खर्चही केला जातो. पण अनेकदा दोष बॅटरीचा नसतो. काम नसतानाही जागे राहिलेले ग्राफिक्स कार्ड वीज खात असते.

एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कशासाठी?

पहिले ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असते. त्याला इंटिग्रेटेड म्हणतात. ब्राउझर, पीडीएफ, कोडिंग, यूट्यूब ही कामे ते कमी विजेत करते. दुसरे म्हणजे डेडिकेटेड, म्हणजे स्वतंत्र कार्ड. त्याची चिप वेगळी, मेमरी वेगळी आणि विजेची भूकही मोठी. दोन्हींचा मेळ घालण्यासाठी एनव्हिडियाने फेब्रुवारी २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ तंत्रज्ञान आणले. हलक्या कामाला छोटे ग्राफिक्स, जड कामाला मोठे आणि काम संपले की मोठ्याने झोपायचे, अशी ही वाटणी.

ही झोप किती महत्त्वाची आहे, हे साध्या हिशेबातून कळते. समजा, बॅटरी ५० वॉट-तासांची आहे आणि हलक्या कामाला लॅपटॉप ८ वॉट घेतो. मग बॅटरी सुमारे सहा तास चालेल. मोठे कार्ड नुसते जागे राहून आणखी ८ वॉट घेऊ लागले, तर तीच बॅटरी तीन तासांत संपेल. ज्यांना दिवसभर कॉलेजात किंवा ऑफिसात प्लग मिळेलच याची खात्री नाही, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

विंडोजवर न येणारा प्रश्न लिनक्सवर का येतो?

विंडोजमध्ये कोणता प्रोग्राम कोणत्या ग्राफिक्सवर चालवायचा, हे ड्रायव्हर आणि विंडोज मिळून बहुतेक वेळा परस्पर ठरवतात. लिनक्समध्ये हा निर्णय बऱ्याच अंशी वापरकर्त्यावर सोडलेला असतो. शिवाय इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात, तर एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो.

हे दुखणे जुने आहे. २०११ च्या सुमारास ‘बंबलबी’ नावाच्या स्वयंसेवी प्रकल्पाने ऑप्टिमस लॅपटॉप लिनक्सवर चालवण्याची खटपट केली. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये चुकून एक जागा जास्त सुटली आणि एका उपफोल्डरऐवजी यंत्रणेचा अख्खा महत्त्वाचा फोल्डर पुसणारी आज्ञा तयार झाली. ही चूक लिनक्स जगतात आजही सांगितली जाते. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना श्रोत्यांमधून याच ऑप्टिमसबद्दल प्रश्न आला, तेव्हा त्यांनी कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला उद्देशून मधले बोट दाखवले होते.

मग परिस्थिती कधी बदलली?

ऑगस्ट २०१९ मध्ये एनव्हिडियाच्या ४३५ मालिकेच्या ड्रायव्हरने ‘रेंडर ऑफलोड’ची सोय दिली. म्हणजे पडदा इंटिग्रेटेड ग्राफिक्स सांभाळणार आणि सांगितलेला प्रोग्राम तेवढा मोठ्या कार्डावर चालणार. मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा गाभ्याशी जोडला जाणारा भाग मुक्त स्रोत म्हणून खुला केला. त्यामुळे आज बहुतेक लॅपटॉपवर ही अदलाबदल नीट चालते. फक्त योग्य मोड निवडावा लागतो.

मोड कोणते? त्यातला कोणता निवडावा?

उबुंटू आणि मिंटमध्ये एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर बसवल्यावर तीन पर्याय मिळतात.

इंटेल : मोठे कार्ड बंद, बॅटरी सर्वाधिक टिकते. काही एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपवरही या पर्यायाचे नाव हेच दिसते.

एनव्हिडिया : सगळे काही मोठ्या कार्डावर. वेग मिळतो, पण बॅटरी झपाट्याने उतरते.

ऑन-डिमांड : पडदा छोट्या ग्राफिक्सवर, मोठे कार्ड मागितले तरच जागे होते.

बहुतेकांसाठी तिसरा पर्याय योग्य. उबुंटूमध्ये ‘एनव्हिडिया सेटिंग्ज’ उघडून ‘प्राइम प्रोफाइल्स’मध्ये तो निवडता येतो. टर्मिनलमधून करायचे तर ‘सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’ ही आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यायची. त्यानंतर लॅपटॉप रीस्टार्ट करणे आवश्यक. मिंटमध्ये हाच बदल खालच्या पट्टीवरील एनव्हिडियाच्या चिन्हावरून होतो. पॉप ओएसमध्ये असे मोड आधीपासूनच दिलेले असतात.

इंटिग्रेटेड आणि स्वतंत्र अशी दोन्ही ग्राफिक्स एएमडीची असतील, तर वेगळा ड्रायव्हर बसवावा लागत नाही. तिथे ऑन-डिमांडसारखीच व्यवस्था मुळात असते.

एखादाच प्रोग्राम मोठ्या कार्डावर कसा चालवायचा?

उबुंटू आणि फेडोराच्या ग्नोम डेस्कटॉपवर प्रोग्रामच्या चिन्हावर राइट क्लिक केले, की तो डेडिकेटेड ग्राफिक्सवर उघडण्याचा पर्याय दिसतो. मिंटच्या मेनूतही तशी सोय आहे. केडीई डेस्कटॉपवर मेनू एडिटरमध्ये त्या प्रोग्रामपुढे एकदा खूण करून ठेवता येते. गेम किंवा थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी एवढे पुरते.

मशीन लर्निंगच्या विद्यार्थ्यांचा मात्र इथे हमखास गैरसमज होतो. पायटॉर्चसारखे सॉफ्टवेअर कुडामार्फत थेट कार्डाशी बोलते. त्यासाठी सगळा लॅपटॉप ‘एनव्हिडिया’ मोडमध्ये टाकण्याची गरज नाही. उलट ऑन-डिमांडमध्ये पडद्याचा भार छोट्या ग्राफिक्सवर राहतो आणि मोठ्या कार्डाची मेमरी मॉडेलसाठी मोकळी मिळते. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरचेही तसेच. त्याच्या सेटिंगमध्ये कार्ड निवडले की काम झाले. ‘इंटेल’ मोडमध्ये मात्र कुडा चालणार नाही.

कार्ड खरेच झोपले आहे का, हे कसे ओळखावे?

यासाठी अनेक जण ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा देतात. गंमत अशी, की तीच आज्ञा झोपलेल्या कार्डाला उठवते. त्यामुळे पाहाल तेव्हा ते जागेच दिसणार. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात कार्डाचे तापमान दाखवणारी छोटी साधनेही त्याला झोपू देत नाहीत. ती आधी काढून टाकावीत.

त्यापेक्षा सोपी पद्धत अशी : चार्जर काढावा, सगळे प्रोग्राम बंद करावेत आणि दहा मिनिटांनी ‘पॉवर स्टॅटिस्टिक्स’मध्ये बॅटरी किती वॉटने उतरते आहे ते पाहावे. आधी ‘इंटेल’ आणि मग ‘ऑन-डिमांड’ मोडमध्ये ही नोंद घ्यावी. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर कार्ड नीट झोपते आहे. ऑन-डिमांडमध्ये आकडा बराच वाढला, तर ते जागे आहे. बॅटरी बदलायला देण्याआधी ही चाचणी करून पाहावी. त्यात पैसा लागत नाही.

प्रोजेक्टर लावल्यावर चित्र का येत नाही?

व्हायव्हाच्या किंवा प्रेझेंटेशनच्या दिवशी गोंधळ उडतो तो इथे. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट मोठ्या कार्डाला जोडलेले असते. बॅटरी वाचवायला ‘इंटेल’ मोड लावला, तर कार्डाबरोबर ते पोर्टही बंद होते. केबल बदला, प्रोजेक्टर बदला, चित्र येत नाही. मोड बदलायचा तर रीस्टार्ट हवा आणि तोवर परीक्षक समोर थांबलेले असतात. म्हणून सादरीकरणाच्या आदल्या दिवशी ऑन-डिमांड मोड लावून बाहेरचा पडदा एकदा जोडून पाहावा. अशा लॅपटॉपवर एचडीएमआय जोडलेले असेपर्यंत मोठे कार्ड जागेच राहते, हेही लक्षात ठेवून चार्जर सोबत न्यावा.

ड्रायव्हर टाकल्यावर तो सुरूच झाला नाही, किंवा पडदा काळा पडला तर?

सिक्युअर बूट सुरू असेल, तर ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगते. रीस्टार्टनंतर निळ्या रंगाचा पडदा येतो. तिथे ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत हा पडदा ओलांडला, की ड्रायव्हर बसलेला असूनही चालू होत नाही.

पडदा काळाच राहिला, तर लगेच सगळे फॉरमॅट करण्याची गरज नसते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून मजकुराचा पडदा उघडतो का पाहावे. तिथे लॉगिन करून ‘सुडो प्राइम-सिलेक्ट इंटेल’ द्यावे आणि रीस्टार्ट करावे. तेही जमले नाही, तर सुरुवातीच्या मेनूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडता येतो. अर्थात, ग्राफिक्स ड्रायव्हरला हात लावण्याआधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसरीकडे ठेवलेली बरी.

जुना लॅपटॉप घेताना काय पाहावे?

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्याचा विचार त्यामुळे अनेकांच्या मनात आहे. अशा वेळी कार्डाची पिढी तपासावी. जीटीएक्स १६५० किंवा कोणतेही आरटीएक्स कार्ड ‘ट्युरिंग’ किंवा त्यानंतरच्या पिढीतले असते. ऑन-डिमांडमध्ये आपोआप पूर्ण झोपण्याची सोय याच पिढीपासून आहे. जीटीएक्स १०५० किंवा एमएक्स १५० ही कार्डे त्याआधीच्या ‘पास्कल’ पिढीतली. त्यांच्यासाठी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची मालिका आहे आणि ऑन-डिमांडमध्येही ती पूर्ण झोपत नाहीत. असा लॅपटॉप स्वस्तात मिळाला, तर बाहेर पडताना ‘इंटेल’ मोड आणि घरी चार्जरवर काम करताना ऑन-डिमांड, ही सवय लावून घ्यावी लागेल.

टर्मिनलची भीती वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे प्राथमिक धडे मराठीतून मोफत उपलब्ध आहेत. ते एकदा पाहून घेतले, तर मोड बदलण्याच्या एका ओळीसाठी दुकान गाठावे लागणार नाही.